गोठा, कुक्कुटशाळा आणि रुग्णशय्या : औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंविषयी

न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पाने सुरू होण्यापूर्वी एक अभ्यासलेख द्यावा, ही आमची जुनी प्रथा आहे. यंदाचा विषय ठरविण्यासाठी बैठक भरली तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी कोंबड्या व दुभती जनावरे यांचा विषय पुढे मांडला. त्यावर "आपले रुग्णालय माणसांचे की जनावरांचे?" असे एका ज्येष्ठ विश्वस्तांनी हसत विचारले. प्रश्न रास्त होता. पुढील पाने म्हणजे त्या प्रश्नाचे आम्हांस जमले तेवढे उत्तर होय.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते एका रुग्ण महिलेमुळे. साठीच्या आसपासच्या या बाई शीव परिसरातच राहतात. लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप, अशी साधी वाटणारी तक्रार घेऊन त्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. नेहमीप्रमाणे गोळ्या दिल्या. तीन दिवसांत उतार पडला नाही. मग मूत्राची जीवाणू-तपासणी केली. वास्तविक ती पहिल्याच दिवशी व्हावयास हवी होती, ही चूक आमची, आणि ती येथे नमूद करणे आम्ही आवश्यक समजतो. अहवालात ई. कोलाय हा आतड्यात नेहमी आढळणारा जीवाणू निघाला. ज्या औषधांना जीवाणू दाद देतो त्यांच्यापुढे 'एस' आणि ज्यांना देत नाही त्यांच्यापुढे 'आर' लिहिण्याचा प्रघात आहे. या अहवालात तोंडाने घ्यावयाच्या बहुतेक सर्व औषधांपुढे 'आर' होता. बाईंना दाखल करून घेऊन शिरेतून औषध द्यावे लागले. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या, परंतु जाताना त्यांच्या मुलाने विचारले, "डॉक्टरसाहेब, आईने उभ्या आयुष्यात तापाच्या गोळीपलीकडे काही घेतलेले नाही. मग तिच्या अंगाला ही औषधे सरावली कशी?"

या प्रश्नात एक गैरसमज दडलेला आहे व तो सुशिक्षितांतही सर्रास आढळतो. औषधाला शरीर सरावत नाही. सरावतात ते जीवाणू. ज्याने आयुष्यात एकही प्रतिजैविक घेतले नाही, त्याच्या आतड्यातही दुसरीकडे कोठेतरी तयार झालेले प्रतिरोधी जीवाणू येऊन वस्तीस राहू शकतात. अशा माणसास पुढे कधी संसर्ग झाला, म्हणजे त्यांचे अस्तित्व प्रथम कळते. तेव्हा मुलाचा प्रश्न खरे तर असा हवा होता : हे जीवाणू औषधांशी झुंजण्याचे शिक्षण घेऊन आले कोठून?

जीवाणूंची शाळा

प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत जीवाणूंचा पातळ थर वाढवून त्यावर औषधात भिजविलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी गुणकारी औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. निरुपयोगी औषधाच्या चकतीला जीवाणू थेट चिकटून वाढलेले असतात. कधी कधी स्वच्छ वर्तुळाच्या आतच एखाददुसरा ठिपका उगवलेला दिसतो. कोट्यवधी जीवाणूंपैकी एखाद्यात योगायोगाने असा बदल झालेला असतो की औषध त्याला मारू शकत नाही. औषधाने बाकीचे मरतात आणि मोकळे रान या एकाच्या वंशाला मिळते. येथे औषध प्रतिरोध निर्माण करीत नाही, निवड करते. जेथे औषध वारंवार, अल्प मात्रेत आणि दीर्घकाळ वापरले जाते तेथे ही निवड सर्वांत जोमाने होते. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना अपुऱ्या मात्रेच्या याच धोक्याकडे लक्ष वेधले होते.

याहून गंभीर बाब अशी की, जीवाणू ही विद्या केवळ आपल्या संततीलाच देत नाहीत. प्लास्मिड नावाची जनुकांची एक सुटी वर्तुळाकार साखळी अनेक जीवाणूंमध्ये असते व ती एका जीवाणूकडून शेजारच्या, प्रसंगी वेगळ्या जातीच्या, जीवाणूकडे जाऊ शकते. एकाच साखळीवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके असू शकतात. त्यामुळे एका औषधाच्या वापराने बाकीच्या औषधांचा प्रतिरोधही टिकून राहतो. कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलाय स्वतः माणसाला आजारी पाडो वा न पाडो, आपली साखळी मात्र माणसाच्या आतड्यातील जीवाणूच्या हवाली करू शकतो.

खाद्यात मिसळलेले औषध

निरोगी जनावरांना प्रतिजैविके देण्याची प्रथा अपघाताने सुरू झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एका औषध कंपनीत थॉमस ज्यूक्स व त्यांचे सहकारी कोंबड्यांच्या खाद्यासाठी स्वस्त जीवनसत्त्वाचा शोध घेत होते. क्लोरटेट्रासायक्लिन तयार करताना उरणारा चोथा पिल्लांना घातला, तर ती अपेक्षेहून लवकर वजन धरतात असे त्यांना आढळले. थोडेसे औषध, तेवढ्याच खाद्यात अधिक मांस, आणि दाटीवाटीतही कमी मरतूक : शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून आकर्षक काय असणार? ही प्रथा जगभर पसरली. आपल्याकडे त्या काळी प्रतिजैविक म्हणजे अपूर्वाई होती. १९५४ साली पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो देशातील रुग्णांना पेनिसिलिन परवडावे म्हणून. जे औषध माणसाला मिळविताना एवढे सायास पडले, तेच पुढे पोत्यांच्या हिशेबाने पिल्लांच्या खाद्यात जाईल, याची कल्पना तेव्हा आपल्याकडे कोणी केली असेल असे वाटत नाही.

धोक्याची सूचना फार उशिरा मिळाली असेही नाही. ब्रिटनमध्ये वासरांतील साल्मोनेलाच्या औषधरोधी साथीनंतर नेमलेल्या स्वान समितीने १९६९ मध्येच, माणसांच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके वाढीसाठी खाद्यात घालू नयेत, अशी शिफारस केली. त्यानंतरचा स्टुअर्ट लेव्ही यांचा प्रयोग तर मुद्दाम सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका कुटुंबाच्या शेतावर त्यांनी काही पिल्लांना टेट्रासायक्लिन वर्गातील औषध मिसळलेले खाद्य व काहींना साधे खाद्य दिले. आठवडाभरातच औषध खाणाऱ्या पिल्लांच्या आतड्यातील जवळजवळ सर्व जीवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेतही अशा जीवाणूंचे प्रमाण शेजाऱ्यांच्या तुलनेने कितीतरी वाढले. त्या माणसांनी औषध घेतले नव्हते. हा निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या रुग्ण महिलेच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे निदान एका ठिकाणचे उत्तर अशा रीतीने पन्नास वर्षांपूर्वी मिळालेले होते.

मुंबईच्या वेशीवरून

शीव या शब्दाचा अर्थच वेस. मुंबई बेट येथे संपत असे व पलीकडे साष्टी सुरू होत असे. आज ही वेस केवळ नावात उरली आहे. शीव-पनवेल महामार्गाने पहाटे येणाऱ्या मालमोटारींत रचलेल्या जाळीच्या खोक्यांतून जिवंत कोंबड्या शहरात येतात. मुंबईला लागणारे कोंबडीचे मांस रायगड, ठाणे, पुणे, नाशिक या जिल्ह्यांतील कुक्कुटशाळांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. शेळ्या-मेंढ्यांची गोष्ट थोडी वेगळी. १९७१ पासून देवनार येथे महानगरपालिकेचा पशुवधगृह आहे व तेथे पशुवैद्यकांकडून तपासणी होते. कोंबडी मात्र बहुधा गल्लीतल्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर कापली जाते. 'डोळ्यांदेखत कापलेली ताजी' ही आपल्या मनातली शुद्धतेची खूण. परंतु जीवाणू डोळ्यांना दिसत नाहीत.

या व्यवसायाविषयी लिहिताना शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे व अन्यायाचेही आहे. राज्यात ब्रॉयलरचे संगोपन बहुतांशी करार पद्धतीने चालते. कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे पुरविते. शेतकरी शेड, वीज, पाणी व श्रम देतो आणि तयार पक्ष्यांच्या वजनावर संगोपनाचा मोबदला घेतो. साधारण चाळीस दिवसांत पक्षी विक्रीस जातो. शेकडो, हजारो पक्षी एकाच छताखाली तुसाच्या गादीवर वाढतात. त्यांतील दहा पक्षी मान टाकून बसले, तर शेतकरी त्या दहांना वेगळे काढून तपासू शकत नाही. तो पाण्याच्या टाकीत औषध सोडतो व ते सर्वांना जाते. एक बॅच हातची गेली की बँकेचा हप्ता चुकतो. रायगड जिल्ह्यातील एका पोल्ट्रीधारकाशी आमच्या समाजसेवा विभागाने बोलणे केले, तेव्हा ते म्हणाले, "पुडीवर काय लिहिले आहे ते आम्हाला कुठे कळते? सुपरवायझर देतो, आम्ही सोडतो." खाद्यात आधीच काय मिसळले आहे, हे तर पोत्यावरून त्यांना उमगतच नाही.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने, पशुपालनातील सूक्ष्मजीवरोधक औषधांच्या वापरात भारत जगात चौथा असल्याचा अंदाज वर्तविला. जगभरचा २०१० सालचा वापर सुमारे ६३ हजार टन होता व २०३० पर्यंत तो दोन-तृतीयांशाने वाढेल, असे त्यात म्हटले होते. कोंबड्यांसाठी औषधांचा वापर दाटलेला असलेल्या भारतातील भागांत मुंबईचाही उल्लेख होता. परिणामांचा अंदाज घ्यावयाचा तर २०१७ मधील पंजाबातील पाहणी पाहावी. १८ कुक्कुटशाळांतील ५३० कोंबड्यांपासून मिळविलेल्या ई. कोलाय जीवाणूंत, सेफॅलोस्पोरिन वर्गातील महत्त्वाची औषधे निकामी करणारे विकर मांसासाठीच्या कोंबड्यांत ८७ टक्के, तर अंड्यांच्या कोंबड्यांत ४२ टक्के आढळले. एका राज्याचे आकडे दुसऱ्यास जसेच्या तसे लावू नयेत, हे खरे. तथापि व्यवसायाची रीत सर्वत्र सारखीच आहे. आमच्या रुग्ण महिलेच्या अहवालातील बहुतेक 'आर' याच विकराच्या खात्यावर होते.

अखेरच्या औषधाची कहाणी

या विषयात मुंबईचे नाव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात आधीच नोंदले गेले आहे. २००९ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांना कार्बापेनेम या अत्यंत प्रभावी औषधांना दाद न देणारे जीवाणू काही महिन्यांच्या अवधीत आढळले. तपासलेल्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ या विकराचे जनुक होते. हा निबंध २०१० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 'लॅन्सेट'च्या नियतकालिकातील लेखानंतर या विकराच्या नावात आलेल्या 'नवी दिल्ली'वरून देशात बराच गदारोळ माजला. नावावरून झालेल्या त्या वादात मूळ आजार मात्र बाजूला पडला.

कार्बापेनेम निकामी ठरू लागल्यावर डॉक्टरांना अडगळीतले एक औषध बाहेर काढावे लागले, ते म्हणजे कोलिस्टिन. जपानमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस सापडलेले हे औषध मूत्रपिंडाला व मज्जातंतूंना अपाय करते म्हणून सत्तरच्या दशकात जवळजवळ सोडून दिले गेले होते. अतिदक्षता विभागात, दुसरे काहीच चालत नाही तेव्हा, मूत्रपिंडाचे नुकसान पत्करूनही ते आता द्यावे लागते. आमच्याकडेही दिले जाते. ते देताना नातेवाइकांना बाजूला घेऊन जे बोलावे लागते, ते कोणत्याही तरुण डॉक्टरास प्रथम फार जड जाते.

आणि हेच औषध त्याच काळात स्वस्त म्हणून कुक्कुटखाद्यात मिसळले जात होते. माणसांच्या वैद्यकाने ते टाकून दिले होते, त्यामुळे त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चिनी शास्त्रज्ञांनी डुकरांत, मांसात व रुग्णांत एमसीआर-१ हे जनुक आढळल्याचे प्रसिद्ध केले. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे हे जनुक प्लास्मिडवर होते, म्हणजे ते एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकत होते. २०१८ च्या आरंभी लंडनस्थित शोधपत्रकारांच्या एका संस्थेने, पशुपालनासाठी शेकडो टन कोलिस्टिन भारतात येत असल्याचे उघड केले व त्यास आपल्याकडील वृत्तपत्रांतूनही प्रसिद्धी मिळाली. १९ जुलै २०१९ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली अधिसूचना काढून अन्नोत्पादक प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतीय रुग्णालयांतील रुग्णांत कोलिस्टिनला न जुमानणारे जे क्लेब्सिएला जीवाणू आढळले आहेत, त्यांत एमसीआर जनुक क्वचितच सापडते. बहुतेकांत जीवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रातच बदल झालेला असतो, व तो रुग्णालयातील कोलिस्टिनच्या वापरातून निवडला गेला असण्याची शक्यता अधिक. म्हणजे अतिदक्षता विभागातील पाप कोंबडीच्या माथी मारता येणार नाही. औषधांचा अनिर्बंध वापर करण्यात आम्ही डॉक्टर, औषधविक्रेते आणि सर्दीपडशालाही 'चांगली भारी गोळी' मागणारे रुग्ण हे सर्व भागीदार आहोत. गोठा व कुक्कुटशाळा हा या रोगाचा एकमेव झरा नव्हे. परंतु मोठा झरा आहे आणि तो रुग्णालयाच्या भिंतींबाहेर असल्याने आमच्या स्वच्छतेच्या कोणत्याही नियमाने तो बंद होत नाही. प्रश्नाची व्याप्ती पाहावयाची तर एकच आकडा पुरे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जीवाणूंच्या औषध-प्रतिरोधामुळे थेट ओढवलेल्या मृत्यूंची संख्या सुमारे १२ लाख ७० हजार होती.

मांस न खाणाऱ्यांचे काय?

ज्यांच्यापासून आम्ही सुरुवात केली त्या बाई शाकाहारी आहेत. तेव्हा कोंबडी सोडली की सुटलो, असे समजणाऱ्या वाचकांनी थोडे थांबावे.

दुभत्या जनावरांना कासदाह होतो. पशुपालक त्यास 'दगडी' म्हणतात. त्यावर कासेत प्रतिजैविकाच्या नळ्या सोडतात व इंजेक्शनेही देतात. उपचार चालू असताना व त्यानंतर ठरावीक दिवस ते दूध माणसांसाठी काढावयाचे नसते. पण रोजचे दोन वेळचे दूध नाल्यात ओतणे दोन म्हशींच्या मालकास परवडत नाही. घरोघरच्या सुगरणींना कधी कधी अनुभव येतो की विरजण उत्तम, हवा उबदार, तरी दही लागत नाही. याची कारणे अनेक असतात, परंतु दुधात उतरलेले प्रतिजैविक हे त्यांपैकी एक आहे. जे औषध कासेतील रोगजंतूंना मारते ते विरजणातील उपकारक जंतूंनाही सोडत नाही.

दोन धोक्यांतील फरक येथे स्पष्ट केला पाहिजे, कारण वृत्तपत्रांतून त्यांची नेहमी सरमिसळ होते. दूध, मांस वा अंड्यात उरलेला औषधाचा अंश हा एक धोका. प्रतिरोधी जीवाणू हा दुसरा, व आमच्या मते अधिक मोठा. दूध उकळल्याने व मांस आतपर्यंत शिजविल्याने जीवाणू मरतात. औषधाचा अंश मात्र त्याने पूर्णपणे जाईलच असे नाही. उलट, ज्या कोंबडीत औषधाचा अंशही सापडत नाही तिच्या आतड्यात प्रतिरोधी जीवाणू असू शकतात. त्यामुळे 'अंश मर्यादेत आहे' हे प्रमाणपत्र महत्त्वाचे असले तरी अपुरे आहे.

आपल्याकडील कालवण चांगले रटरटते, त्यामुळे शिजलेल्या पदार्थाची चिंता कमी. चिंता आहे ती शिजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासाची. कोंबडी नळाखाली खळखळून धुतली जाते, तिचे शिंतोडे ओट्यावर उडतात. त्याच सुरीने वा विळीने, त्याच फळीवर कांदा-काकडी चिरली जाते, आणि कोशिंबीर तर शिजवावयाची नसते. मांसाची फळी व सुरी वेगळी ठेवावी, मांस धारेखाली न धुता थेट शिजवावे किंवा भांड्यातच अलगद धुवावे, आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

शाकाहारी घरापर्यंत पोचणारा आणखी एक मार्ग म्हणजे कोंबडीखत. बॅच गेली की तुसाच्या गादीसह साचलेली विष्ठा खत म्हणून शेतांना विकली जाते. खत म्हणून ते उत्तमच. पण नीट न कुजविता टाकले, तर त्यातील जीवाणू मातीत, ओढ्यांत आणि पालेभाजीवर जातात. याखेरीज माणसे आहेतच : शेडवर काम करणारे, कोंबड्या वाहणारे, कापणारे. लेव्ही यांच्या प्रयोगातील कुटुंबाप्रमाणे हे जीवाणू प्रथम त्यांच्याकडे येतात, आणि ते आपल्याच वस्त्यांत राहतात, आपल्याच लोकलमधून प्रवास करतात.

कायदा कागदावर, कोंबडी दारात

या विषयावर आपल्या देशात नियम नाहीत, असे कोणी म्हणू नये. पशुवैद्यकीय औषधांच्या वेष्टनावर, औषध दिल्यानंतर किती दिवसांनी दूध-मांस वापरावे तो विरामकाळ छापणे २०१२ मध्ये बंधनकारक झाले. विशिष्ट औषधासाठी तो ठरलेला नसेल, तर दूध व अंडी यांकरिता किमान ७ दिवस आणि मांसाकरिता किमान २८ दिवस धरावेत, असा तो नियम आहे. आता चाळीस दिवसांचे आयुष्य असलेल्या ब्रॉयलरचा हिशेब करावा. असे औषध बाराव्या दिवसानंतर देताच येणार नाही, आणि आजार तर बहुधा त्यानंतरच डोके वर काढतात. नियम चुकीचा नाही. मात्र शेडवर तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास कोण जातो, हा प्रश्न उरतोच. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती योजना आली. २०१८ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मांस, दूध, अंडी यांतील प्रतिजैविकांच्या अंशांच्या मर्यादा विस्ताराने ठरविल्या. त्याच वर्षी केरळने स्वतःची राज्य योजना केली. कोलिस्टिनबंदीचा उल्लेख वर आलाच आहे. परंतु प्रतिजैविकांचा बराच मोठा भाग आजही चिठ्ठीशिवाय, पशुवैद्यकाने जनावर न पाहता विकला जातो. पशुवैद्यक गावात नसतो आणि औषधाचे दुकान मात्र असते.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हाचे दिवस वाचकांना स्मरत असतील. लाखो पक्षी मारले गेले, कोंबडीचा भाव कोसळला आणि मुंबईतील अनेक घरांत कोंबडी येणे बंद झाले. तो विषाणूचा रोग होता. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, हेही त्या गोंधळात अनेकांस ठाऊक नव्हते. तो धोका दिसला म्हणून सर्व यंत्रणा आठवड्याभरात हलली. प्रतिरोधी जीवाणूने कोंबडी मरत नाही, ती तजेलदार दिसते, आणि म्हणूनच कोणी हलत नाही.

बंदीने फरक पडतो का? चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे थांबविले. तेथील पशुखाद्यासाठीच्या कोलिस्टिनचे उत्पादन २०१५ मधील २७ हजार टनांवरून २०१८ मध्ये अडीच हजार टनांवर आले, आणि डुकरांत तसेच माणसांतही एमसीआर-१ चे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसून आले. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके वापरणे १ जानेवारी २००६ पासून पूर्णतः बंद केले. डेन्मार्कमध्ये ते त्याआधीच थांबले होते व तेथील वराहपालन बुडाले नाही. आरंभी पिल्लांच्या आजारांचा त्रास मात्र झाला, हेही सांगावयास हवे. नॉर्वेने तर सामन माशांसाठी लस शोधून प्रतिजैविकांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक कमी केला, आणि माशांचे उत्पादन वाढतच गेले. लस, शेडमधील मोकळी हवा, दोन बॅचमध्ये पुरेसा खंड, गादी बदलणे, स्वच्छ पाणी : ही सर्व कामे खर्चाची आहेत. तो खर्च एकट्या करारबद्ध शेतकऱ्याने सोसावा व आपण मात्र कालच्याच भावात कोंबडी घ्यावी, अशी अपेक्षा आम्हांस न्याय्य वाटत नाही.

आमच्यापासून दोन-चार स्थानकांवर, परळला, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. जवळच, प्लेगच्या दिवसांत सुरू झालेल्या कामातून उभी राहिलेली हाफकिन संस्था आहे. उंदरांचा रोग माणसांत कसा येतो, हे या शहराने १८९६ नंतरच्या काळात फार मोठी किंमत मोजून शिकले होते. तरीही माणसांचे डॉक्टर व जनावरांचे डॉक्टर यांची एका टेबलावर भेट क्वचितच होते. या वर्षी आम्ही काही पशुवैद्यकांना आमच्या मासिक चर्चासत्रास बोलाविले होते. "तुम्ही 'आर' लिहिता त्यांतील निम्मी औषधे आम्ही रोज वापरतो, आणि आमच्याकडे तपासणीची बशीही नसते," असे त्यांतील एकाने सांगितले, तेव्हा सभागृहात काही वेळ कोणी बोलले नाही.

आमच्या बाजूने आम्ही दोन बदल केले आहेत. मूत्रसंसर्गाच्या रुग्णास प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी नमुना घेतलाच पाहिजे, असा नियम बाह्यरुग्ण विभागास घालून दिला आहे. गरजू रुग्णांच्या या तपासणीचा खर्च न्यासाच्या औषध-साहाय्य निधीतून होतो. दुसरा बदल छोटा आहे. जीवाणू-तपासणीच्या अर्जावर व्यवसायाचा रकाना वाढविला असून त्यात तबेला, कुक्कुटपालन, मांसविक्री व पशुवाहतूक यांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. त्या बाईंना हा जीवाणू कोठून मिळाला हे आम्ही सांगू शकलो नाही, आणि एका रुग्णाबाबत ते सहसा सांगताही येत नाही; पुष्कळ अर्ज साठले तर कदाचित काही दिसेल. पहिले काही महिने हा रकाना बहुतेकांनी कोराच सोडला. आता नोंदणीच्या खिडकीवरील भगिनी रुग्णांना तोंडी विचारून तो भरून घेतात.